तुमची बाजू डिम आहे

"चौदा ते बावीस नंबर काळे आहेत," असं एक ओळीचं ईमेल लिऊ वेईने रविवारी सकाळी इंग्रजीत पाठवलं, आणि बुधवारपर्यंत मस्कतजवळच्या सीबमधल्या त्या नव्याने सजवलेल्या बागेतले नऊ खांब पुन्हा एकदा राखाडी रंगाने रंगवून झाले. खांब आधीही राखाडीच होते. काळे होते ते त्यांच्यावरचे दिवे, म्हणजे बंद होते. ते बुधवारीही बंदच होते. फक्त आता ते ताज्या रंगाच्या खांबांवर बंद होते.

अल् खुवैरच्या ऑफिसात सतीशसाहेबांनी टेबलावर हात आपटला. सतीशसाहेब म्हणजे कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचे. मस्कतमध्ये अठरा वर्षं काढल्यामुळे ते एका वाक्यात चार भाषा वापरत आणि पाचवीत रागावत.

"काळे म्हणजे काय? अरे, बंद आहेत म्हण ना! पेंटर लोकांना काय, यल्ला म्हटलं की ब्रश घेऊन पळाले! चंद्रहास, तुझं इंग्लिश एवढं भारी, तू या दोघांना शिकवत का नाहीस?"

चंद्रहास वाघधरे याच प्रश्नाची गेली सहा वर्षं वाट बघत होता. तो कंपनीच्या पत्रव्यवहार विभागाचा प्रमुख होता. विभागात तो एकटाच होता, पण त्याने प्रमुखपणात काही फरक पडत नव्हता. ऑफिसातली बाकीची माणसं इंजिनिअर होती; त्यांना दिवे लावता येत, पण अर्धविराम कुठे द्यायचा हे कळत नसे. चंद्रहासला त्यांची मनापासून कीव यायची.

शिकायला बसणारे दोघे दिव्यांच्या चिनी कंपनीने पाठवलेले इंजिनिअर होते. लिऊ वेई तिशीचा, उत्साही, ऐकलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवून घेणारा. तांग मेई चाळिशीची, शांत, हातात कायम गरम पाण्याचा थर्मास. बागेचं काम ताब्यात घेतल्याची सही ग्राहकाने, म्हणजे सरकारी खात्याने, केली की तांग घरी जाणार होती. तीन वर्षांत ती आपल्या मुलीला फक्त फोनच्या पडद्यावर भेटली होती, आणि चिनी नवं वर्ष चार आठवड्यांवर आलं होतं.

ते नऊ दिवे तर गुरुवारीच लागले; सही अडली होती ती वेगळ्याच कारणाने. बागेचा अर्धा भाग कंपनीने उजळला होता. उरलेल्या अर्ध्यात सरकारी खात्याचेच जुने खांब होते, आणि त्यांच्यावरचे दिवे, ज्यांना या धंद्यात 'हेड' म्हणतात, ते पंधरा वर्षांचे म्हातारे होते. खातं म्हणत होतं, बाग एकसारखी उजळलेली नाही, सही कशी करू? कंपनी म्हणत होती, न उजळलेला भाग तुमचाच आहे. म्हणजे म्हणत नव्हती, चंद्रहासच्या पत्रांतून सुचवत होती. अशी बारा पत्रं गेली होती. एकेक पत्र असं मऊसूत, की वाचणाऱ्याला नक्की काय मागितलंय याचा पत्ता लागू नये. बाराही वेळा एकच उत्तर आलं होतं: आपले पत्र मिळाले, आभारी आहोत.

त्या संध्याकाळी चंद्रहासने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले.

"अंधाराचे सतरा शब्द," तो बायकोला म्हणाला. "डार्क, डिम, ग्लूमी, मर्की, शेडी, ऑब्स्क्योर... त्या बिचाऱ्यांच्या भाषेत सगळ्याला एकच शब्द असणार."

विद्या भारतीय शाळेत गणित शिकवायची आणि नवऱ्याची विधानं उत्तरपत्रिकेसारखी तपासायची. "तुला चिनी येतं?"

"यायची गरज काय? माणूस जेव्हा बंद दिव्याला काळा म्हणतो, तेव्हा कळतंच ना."

"आपल्यात काय कमी आहेत? अंधार, काळोख, अंधुक, मिणमिणतं, मिट्ट, किट्ट. तुला तरी मुद्दाम कुणी शिकवले का?"

तेजश्रीने, त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीने, कागदावर डोकावून पाहिलं. तिचं मराठी शाळेतल्या इंग्रजीत अडखळत यायचं. "बाबा, हे शेडी... म्हणजे सावली ओके आहे, बट माणसाला शेडी म्हटलं तर... म्हणजे तो चालू माणूस. तू हे दोन्ही लिहिलंय. दे विल गेट कन्फ्यूज्ड."

"बाळा, भाषा शिकवायची म्हणजे तिच्या सगळ्या छटा शिकवायच्या."

"ऑल द बेस्ट," असं म्हणून तेजश्री ताट उचलून गेली. तिच्या आवाजातली छटा मात्र चंद्रहासला ओळखता आली नाही.

वर्ग सकाळी साडेसातला, मीटिंग रूममध्ये भरायचा. दिव्यांविषयीची उदाहरणं चंद्रहासला फार रटाळ वाटत. विद्यार्थ्याच्या लक्षात राहायची तर उदाहरणं माणसांची हवीत, असं त्याचं मत होतं.

"डार्क म्हणजे उजेड नाही," तो फळ्यासमोर उभा राहून म्हणाला. "डिम म्हणजे उजेड आहे, पण उपयोग नाही. उदाहरणार्थ, सतीशसाहेब ब्राइट आहेत. त्यांचा मेहुणा डिम आहे."

लिऊने भराभर लिहून घेतलं. "मेहुणा डिम. सर, मेहुण्याला जास्त वीज दिली तर ब्राइट होतो?"

"त्याला कितीही दिली तरी नाही. पुढे. ग्लूमी, म्हणजे उदास अंधार. रविवारी सकाळी, ऑफिसचा आठवडा सुरू होताना, सतीशसाहेबांचं तोंड ग्लूमी असतं. इन द डार्क ठेवणे, म्हणजे पत्ता लागू न देणे. रजेच्या बाबतीत सतीशसाहेब आपल्याला इन द डार्क ठेवतात."

तांगने थर्मासचं झाकण लावून हात वर केला. "सर, चिनी भाषेत पण वेगवेगळे..."

"मिस तांग, इथे आपण इंग्रजीतच विचार करायचा. चिनी नंतर."

असं त्याने दोन आठवड्यांत पाच वेळा सांगितलं. तांगने सहाव्यांदा हात वर केला नाही. शेवटच्या दिवशी चंद्रहासने सतरा शब्द आणि त्यांची सतरा उदाहरणं छापून दोघांना एकेक प्रत दिली, शिवाय ईमेलनेही पाठवली. लिऊने ती दोन्ही हातांनी घेतली आणि कमरेत वाकला. चंद्रहासला इतकं भरून आलं की त्या गुरुवारी तो अर्धा दिवस रजा काढून दातांच्या डॉक्टरांकडे गेला. एरवी ते काम तो वर्षभर टाळत होता.

दाढ काढायला पाऊण तास लागला. तेवढ्यात लिऊने तेरावं पत्र लिहिलं.

त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. तांगचं विमान नऊ दिवसांवर आलं होतं, गुरू जागेवर नव्हता, आणि लिऊला प्रथमच वाटलं होतं की आता आपल्याला इंग्रजी येतं. पत्र खात्याच्या इंजिनिअर सादिया यांना गेलं, प्रत सतीशसाहेबांना. गाल सुजलेल्या अवस्थेत, गाडीत बसून, चंद्रहासने ते फोनवर वाचलं. त्याचा अर्थ साधारण असा होता:

'आदरणीय मॅडम, बागेत आमची बाजू ब्राइट आहे. तुमची बाजू डिम आहे. कारण तुमचं हेड फार जुनं आहे आणि संध्याकाळी काम करत नाही. आम्ही बारा वेळा विनंती केली, पण तुम्ही आम्हाला इन द डार्क ठेवलं. कृपया हेड बदला. नवीन हेड चीनमध्ये चांगलं आणि स्वस्त मिळतं. झोपाळ्यांजवळचा भाग दुपारी शेडी असतो. तिथे येणारी कुटुंबंही शेडी आहेत. आम्हाला पाहून फार आनंद झाला. कठीण शब्दांचे अर्थ उदाहरणांसह जोडले आहेत.'

चंद्रहासने पत्र पुन्हा वाचलं. सादियाच्या खात्याचे हेड, म्हणजे प्रमुख, इंजिनिअर खलफान हे पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, आणि सगळ्या सरकारी माणसांसारखे अडीचला घरी जात. अगदी खरं आहे, संध्याकाळी काम करत नाहीत! आणि मग 'जोडले आहेत' या शब्दांवर त्याची नजर खिळली. त्याने जोडलेली फाइल उघडली. पहिल्याच पानावर त्याचं नाव होतं, ठळक अक्षरांत. त्याखाली सतीशसाहेबांचा मेहुणा.

भूल दिलेल्या जबड्यातून त्याला धड किंचाळताही येईना.

रविवारी सकाळी तो ऑफिसात पोचला तेव्हा सतीशसाहेबांच्या हातात तीच पानं होती. साहेबांचं तोंड उदाहरणात दिल्याप्रमाणे होतं.

"बस," साहेब म्हणाले. "माझी बायको विचारत होती, भावाला डिम म्हणणारा हा वाघधरे कोण."

"सर, ते फक्त व्याकरणाच्या दृष्टीने..."

"तिला कसं कळलं विचार. मीच वाचून दाखवलं. हसलो मी, आणि फसलो. ते जाऊ दे." साहेबांनी पानं बाजूला टाकली. "खात्याकडून फोन आला होता. शनिवारी बागेत दोन सिक्युरिटीवाले उभे केले त्यांनी. झोपाळ्यांजवळ! का, तर काँट्रॅक्टरने लेखी कळवलंय की तिथे शेडी लोक येतात. सीबमधल्या आयाबाया पोरांना घेऊन येतात तिथे, आणि गार्ड त्यांच्या डब्यातले समोसे तपासतायत!"

चंद्रहासने डोळे मिटले.

"आणि हेड बदला म्हणे! खलफानसाहेबांना! चीनमधून मागवा म्हणे, स्वस्त!" साहेब उठून खिडकीपाशी गेले. "उद्या दहाला बोलावलंय. तू, लिऊ आणि तांग. सही झाली नाही तर पुढचं काम नाही. पुढचं काम नाही तर तुझं काँट्रॅक्ट मी कशाच्या जोरावर रिन्यू करू? मेहुण्याच्या?"

त्या दिवशी घरी चंद्रहासने फार बोलणं टाळलं. दाढेचं निमित्त होतंच. विद्याने त्याच्यापुढे पातळ खिचडी ठेवली आणि सगळी हकीकत तोडक्या वाक्यांत ऐकून घेतली.

"लिऊवर ढकलणार आहेस का?" तिने विचारलं.

"चूक त्याचीच आहे ना?"

"उदाहरणं कुणाची आहेत?"

त्याने खिचडीत चमचा फिरवला. मग म्हणाला, "नाही ढकलणार. समजावून सांगेन. शांतपणे. मला समजावता येतं."

विद्याने त्याच्यापुढे अजून एक पळी खिचडी वाढली.

सोमवारी लिऊ गाडीत मागे बसून रडकुंडीला आला होता. गुरूच्या नावाने आपण गोंधळ घातला, हे त्याला एव्हाना कळलं होतं. तांग खिडकीबाहेर बघत होती. "तिकीट बदलता येतं," ती एकदाच म्हणाली, पण कुणाला उद्देशून ते कळलं नाही, बहुधा स्वतःलाच.

खात्याच्या सीबमधल्या मीटिंग रूममध्ये खजूर आणि कहवा आला. इंजिनिअर सादिया फाइल घेऊन बसल्या होत्या. शेजारी खलफानसाहेब, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. चंद्रहासने चौथा खजूर नाकारला, उभा राहिला आणि बोलू लागला.

तो अकरा मिनिटं बोलला. हेड म्हणजे दिव्याचं हेड, माणसाचं नव्हे. डिमचा मूळ अर्थ, मग लाक्षणिक अर्थ. शेडी या शब्दाचा प्रवास. आपल्या बोलण्याचा बांधा इतका सुरेख होता की मधेच त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. शेवटी त्याने लिऊच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाजात करुणा आणली.

"मॅडम, यांचा दोष नाही. चिनी भाषेत अंधाराला एकच शब्द आहे. बिचारे करणार तरी काय?"

सादियांनी फाइल मिटली. मग तांगकडे वळून त्या काहीतरी बोलल्या. इंग्रजी नव्हतं. अरबीही नव्हतं. तांगच्या हातातला थर्मास जागच्या जागी थांबला. तिने उत्तर दिलं, सादियांनी पुन्हा काही विचारलं, आणि तीन वर्षांत प्रथमच तांग मेई मोठ्याने हसली. लिऊ तर उभाच राहिला.

"मी मास्टर्स वूहानला केलंय," सादिया चंद्रहासला म्हणाल्या. "दोन वर्षं भाषा, तीन वर्षं अभ्यास. हेइ म्हणजे काळं. आन म्हणजे अंधारं. हुन म्हणजे दिवेलागणीच्या वेळेसारखं अंधुक. यिन म्हणजे ढगाळ, सावलीतलं. अजून सांगू?"

चंद्रहास खाली बसला. पाचवा खजूर आता त्याने स्वतःहून घेतला.

"मिस्टर लिऊंनी पत्राखाली स्वतःचा चिनी कच्चा मसुदा तसाच ठेवला होता," सादिया पुढे म्हणाल्या. "मी आधी तोच वाचला. उत्तम मसुदा. एकही चूक नाही. तीन ओळींत सगळं स्पष्ट."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून कळलं होतं?" सतीशसाहेबांनी विचारलं. ते मागच्या खुर्चीत न बोलावता येऊन बसले होते.

"पहिल्या मिनिटापासून."

"मग ते गार्ड?"

"ते वरच्यांनी पाठवले. मी वर फक्त इंग्रजी पाठवलं."

खलफानसाहेब तेव्हा पहिल्यांदा बोलले, अगदी सावकाश. "भाई, चार वर्षं मी त्या खांबांसाठी नवीन हेड मागतोय. वरून उत्तर येतं, इन्शाल्ला. मग हे पत्र आलं. सादिया म्हणाली, दुरुस्त करू नका, असंच पाठवा. मी वर लिहिलं, बघा, काँट्रॅक्टर आता आम्हाला अशा भाषेत बोलतात. म्हणतात तुमचं हेड जुनं आहे, आमच्याकडून स्वस्तात घ्या." त्यांनी कहव्याचा घोट घेतला. "दोन दिवसांत मंजुरी आली. सगळी हेड बदलायची. खलास. तुमच्या कामाची सही मी आजच करतो."

सतीशसाहेबांनी लिऊचा हात धरून एवढा हलवला की त्याच्या वहीतली पानं खाली पडली. तांगने डोळे पुसले आणि लगेच थर्मास उघडला, जणू वाफच डोळ्यांत गेली. सगळे एकाच वेळी बोलत होते. चंद्रहासला मात्र एक गोष्ट विचारायचीच होती.

"मॅडम, माझी बारा पत्रं... ती तुम्ही वाचली होती?"

"प्रत्येक," सादिया मनापासून म्हणाल्या. "फार सुंदर इंग्रजी. मी आमच्या नव्या मुलींना नमुना म्हणून दाखवते. पण मिस्टर वाघधरे, ती वाचून कुणाला राग येत नाही. आणि राग आल्याशिवाय आमच्याकडे फाइल हलत नाही."

परतताना सीबपासून अल् खुवैरपर्यंत गाडीत लिऊ गात होता. चंद्रहास गाडी चालवत होता आणि बारा पत्रांतली वाक्यं मनात पुन्हा पुन्हा वाचून बघत होता. एकही चूक सापडत नव्हती. तेच जास्त लागलं.

जायच्या आदल्या दिवशी तांग त्याच्या टेबलाशी आली. तिने चहाच्या पानांचा एक डबा ठेवला. "सर, सतरा शब्द सगळे पाठ आहेत," ती म्हणाली. "घरी मुलीला शिकवणार."

"उदाहरणं बदला," चंद्रहास म्हणाला. मग थोडा थांबला. "मिस तांग, तुम्ही हात वर करायचात. मी ऐकायला हवं होतं."

"ठीक आहे सर. माझी मुलगीपण ऐकत नाही." आणि ती गेली, विमानाला, वेळेवर.

दोन महिन्यांनी जुन्या खांबांवर नवीन हेड बसली. बाग अशी लखलखली की झाडांवरच्या पाखरांना दिवस मावळल्याचं कळेना. सतीशसाहेबांनी फर्मान काढलं: यापुढे ग्राहकाला जाणारं प्रत्येक पत्र लिऊ लिहील आणि चंद्रहास त्याला बोटही लावणार नाही. पत्रव्यवहार विभागाचे प्रमुख सकाळी येत, कॉम्प्युटर लावत आणि स्टेशनरीच्या याद्यांमधले अर्धविराम दुरुस्त करत बसत. काँट्रॅक्ट रिन्यू झालं होतं. पण कशासाठी झालं होतं हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं, आणि घरी विचारलंही जाईल म्हणून तो हा विषय काढत नसे.

मग एका सकाळी सादियांचा फोन आला. सतीशसाहेबांनी तो स्पीकरवर टाकला.

"बागेसमोरच्या घरांमधून तक्रार आलीय," सादिया म्हणाल्या. "छत्तीस सह्या. उजेड फार आहे म्हणतात, झोप येत नाही. उजेड कमी-जास्त करायची सोय आम्ही घेतलेली नाही आणि निदान दोन वर्षं तरी घेणार नाही. तरी तुमच्या कंपनीकडून एक खुलासा हवा."

"पाठवतो. लिऊला सांगतो," सतीशसाहेब म्हणाले.

"नको, नको!" सादिया घाईने म्हणाल्या. "लिऊ नको. लोक भडकतील. मला असं पत्र हवंय की वाचून कुणाला राग येणार नाही, नक्की काय म्हटलंय ते समजणार नाही, आणि पुढे काहीही होणार नाही. तुमच्याकडे ते एक गृहस्थ आहेत ना?"

सतीशसाहेबांनी काचेपलीकडे पाहिलं. चंद्रहास वाघधरे खुर्चीतून उठला होता आणि शर्टाचं वरचं बटण लावत होता.

पत्र अडीच पानी झालं. छत्तीसही घरांनी ते वाचलं, आणि छत्तीसही घरांनी कळवलं: आपले पत्र मिळाले, आभारी आहोत.